पोटातलं दारं

सणसर-भवानीनगरच्या पट्ट्यात कुणाला ‘रिकव्हरी कशी आहे?’ असं विचारलं, तर ऑपरेशन कुणाचं झालंय असं तो उलट विचारणार नाही. दहा, साडेदहा, अकरा असा काहीतरी आकडा सांगेल. शंभर किलो ऊस गाळला की किती किलो साखर हाती येते, तो उतारा म्हणजे इथली रिकव्हरी. उसाचा दर तिच्यावर ठरतो, त्यामुळे शाळकरी पोराच्याही तोंडी तो शब्द असतो. या प्रकरणात मी तो दवाखान्यातल्या अर्थानं वापरणार आहे. पण विषय साखरेपासून फार लांबचा नाही. वजन कमी करण्यासाठी पोटात बँड बसवून घेतलेल्या माणसानं पुढं कसं जगायचं, काय खायचं, कुठं जपायचं आणि दहा-पंधरा वर्षांनी त्या बँडचं काय करायचं, हा तो विषय.

सणसर हे बारामती-इंदापूर रस्त्यावरचं गाव. नीरा डाव्या कालव्याचा हा टापू. ‘सणसर कट’ हे शब्द इंदापूरच्या पाण्याच्या भांडणात वर्षानुवर्षं ऐकू येतात. अशा गावात बँड समजावून सांगायला उपमा शोधत फिरावं लागत नाही. उसाला पाणी देताना चारीचं दारं किती फोडायचं, कधी मोडायचं यासाठी रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन एक माणूस बांधावर उभा असतो. त्याला आपण ‘दारं धरणं’ म्हणतो. बँड हे पोटातलं दारं आहे. आणि या शस्त्रक्रियेबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज इथंच होतो. दारं बसवलं म्हणजे काम संपलं असं लोकांना वाटतं. ते धरायला माणूस लागतो, आणि तोही एका रात्रीपुरता नाही.

आता हे दारं दिसतं कसं ते पाहू. सिलिकॉनचा एक पट्टा जठराच्या वरच्या टोकाला, अन्ननलिका जठराला मिळते तिथून जरा खाली, करगोट्यासारखा गुंडाळतात. पट्ट्याच्या वर जठराचा जो छोटा कप्पा उरतो तो पंधरा ते तीस मिलिलिटरचा, म्हणजे आमटीची एक पळीही मावणार नाही इतका. पट्ट्याच्या आतल्या अंगाला फुगा असतो. त्याला जोडलेली बारीक नळी पोटाच्या भिंतीतून बाहेर येते आणि कातडीखाली शिवलेल्या एका डबीला मिळते. ही डबी म्हणजे पोर्ट. पोर्टमध्ये सुईनं सलाइन घातलं की फुगा फुगतो आणि वाट अरुंद होते; काढून घेतलं की वाट मोकळी होते. जठराचा तुकडा कापायचा नाही, आतड्याची जोडणी बदलायची नाही, आणि नको झालं तर पट्टा काढूनही घेता येतो. दुर्बिणीतून होणारं हे ऑपरेशन तासाभराचं असतं आणि रुग्ण बहुधा दुसऱ्या दिवशी घरी जातो. नव्वदीच्या दशकात जगभरचे सर्जन यावर भाळले ते उगाच नाही.

सलाइननं घट्ट-सैल करता येणारा सिलिकॉनचा बँड १९८६ मध्ये अमेरिकेत लुबोमिर कुझमाक या युक्रेनी वंशाच्या सर्जननं वापरात आणला. पोट न फाडता, दुर्बिणीतून तो बसवण्याचा पहिला मान इथिओपियात जन्मलेल्या मितिकू बेलाश्यू यांचा. १९९३ च्या सप्टेंबरात बेल्जियममधल्या ह्यूई नावाच्या छोट्या गावातल्या रुग्णालयात त्यांनी तो बसवला. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००१ मध्ये परवानगी दिली आणि मग बँड सगळीकडे गेला. आपल्याकडेही मुंबई-पुण्यात तो बसवला जाऊ लागला.

बँडमुळे घास तुंबून राहतो आणि म्हणून माणूस कमी खातो, अशी सुरुवातीला डॉक्टरांचीही समजूत होती. पुढच्या अभ्यासात वेगळंच दिसलं. नीट लावलेल्या बँडमधून चांगला चावलेला छोटा घास मिनिटाभरात खाली उतरतो. पण उतरताना तो जठराच्या त्या भागावर हलका दाब देतो, तिथल्या चेता मेंदूला निरोप पाठवतात, आणि अर्ध्या वाटीत पोट भरल्याची जाणीव होते. म्हणजे चांगला बँड भूक शमवतो, वाट अडवत नाही. अडवायला लागला तर तो बिघडलाय किंवा जास्त घट्ट झालाय असं समजायचं. ‘मला काहीच खाता येत नाही, म्हणजे बँड मस्त चाललाय’ असं जो म्हणतो, त्याला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडं धाडलं पाहिजे.

पण मुळात या पट्ट्यात लठ्ठपणा आला कुठून? इथं थोडं आडवळण घ्यायला हवं. नीरेचा डावा कालवा ब्रिटिशांनी काढला तो १८७६-७७ च्या दुष्काळाच्या धक्क्यानंतर. माणसं आणि जनावरं अन्नावाचून मेलेला हा मुलूख. तिथं पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला, उसामागून कारखाने, दूधसंघ, मोटारसायकली आल्या. तीन-चार पिढ्यांत उपाशी शिवाराचं गोड शिवार झालं. शरीरं मात्र एवढ्या वेगानं बदलत नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. आपली बाळं वजनानं हलकी, पण त्या मानानं अंगात चरबी जास्त, असं त्यांना आढळलं. मोठेपणीही हीच गत. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी लंडनचे त्यांचे सहकारी जॉन यूडकिन यांच्यासोबतचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा, सारखाच: २२.३. पण यूडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या मराठी माणसाच्या पोटात काय दडलंय, हे या एका फोटोनं जेवढं सांगितलं तेवढं दहा भाषणांनी सांगितलं नसतं.

म्हणूनच आपल्याकडे २३ च्या वर जादा वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. गोऱ्यांसाठी हेच आकडे २५ आणि ३० आहेत. शस्त्रक्रियेचा उंबरठाही आशियाई शरीरांसाठी खाली ठेवावा असं तज्ज्ञांच्या संघटना सांगतात. विम्याचा नियम मात्र अजून जुन्या मापानं चालतो: बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत मधुमेह, झोपेत श्वास अडकणं, हृदयविकार यांसारखा गंभीर आजार. ज्या शरीराला लवकर मदत हवी त्यालाच उशिरा मिळते, हा विचित्र हिशेब आहे. विमा कंपनीशी भांडायची वेळ आली तर हे दोन्ही आकडे ध्यानात असू द्यावेत.

आता ऑपरेशन झालेल्या माणसाकडे वळू. समजा, सणसरच्या एका बाईंनी पुण्यात बँड बसवून घेतला आणि त्या घरी परतल्या. पोटावर चार-पाच छोट्या जखमा, त्यातली पोर्टजवळची जरा मोठी आणि जास्त ठणकणारी. खांदा दुखतो, आणि पोटाचं ऑपरेशन झालं तर खांदा का दुखावा म्हणून घरातले घाबरतात. दुर्बिणीसाठी पोटात भरलेल्या वायूचा तो परिणाम. दोन-चार दिवसांत जातो. पहिल्याच दिवसापासून चालायचं असतं, कारण अंथरुणात पडून राहिलं तर पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होऊ शकते. पोटरी सुजली, एका बाजूनं दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणत बसू नये. पाण्याची घागर, वैरणीचा भारा, दुधाची किटली महिना-दीड महिना उचलायची नाही. गोठ्याचं काम तेवढे दिवस दुसऱ्या कुणावर टाकावं लागतं. शेतकऱ्याच्या घरात या आजारपणातली सगळ्यात अवघड वाटाघाट हीच असते.

मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर त्यांचं प्रमाण लगेच बदलावं लागतं. जेवण एकदम चौथाईवर आलं आणि इन्शुलिन मात्र जुन्याच मापानं टोचत राहिलं, तर साखर घसरून माणूस बेशुद्ध पडतो. मोठ्या गोळ्या अडकतात. त्या कुटून घ्यायच्या की पातळ औषध मिळतं ते डॉक्टरांना विचारायचं. अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा ब्रुफेन आणायची सवय मोडावी लागते, कारण या गोळ्या जठराला जखम करतात आणि बँडखाली जखम झाली तर ती महागात पडते. तंबाखू आणि विडीचंही तसंच. बायकांना विचारताना मिश्रीचं नाव घेऊन विचारावं लागतं. ‘तंबाखू खाता का?’ म्हटलं की ‘नाही बाई’ असं उत्तर येतं आणि डबी कमरेला असते.

पहिले दोन आठवडे पातळ: पाणी, ताक, डाळीचं पाणी, साय काढलेलं दूध. पुढचे दोन आठवडे घोटलेलं: मऊ वरण, गाळलेली भाजी, पातळ नाचणी. मग मऊ अन्न, आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास घट्ट जेवण. पोटातली सूज उतरून पट्टा जागेवर घट्ट बसायला एवढा वेळ लागतो. या दिवसांत फुग्यात सलाइन नसतंच किंवा अगदी थोडं असतं, त्यामुळे भूक पूर्वीसारखी लागते. ‘ऑपरेशन फसलं’ असं वाटून रडू येतं ते याच आठवड्यांत. फसलेलं काही नसतं. दारं अजून लावलेलंच नसतं.

घट्ट जेवण सुरू झालं की खरी परीक्षा, आणि ती आपल्या ताटातच असते. शहरातल्या दवाखान्यात मिळणाऱ्या आहाराच्या कागदावर ओट्स आणि सूप लिहिलेलं असतं. आपल्या घरात ज्वारीची भाकरी, बाजरीची भाकरी, भात आणि कालवण असतं. ताजी भाकरी कोरडी आणि खरखरीत. मोठा तुकडा तोडून गिळला तर छातीत खुंट मारल्यासारखा अडकतो. भाकरीचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा, वीस-पंचवीस वेळा चावून, एका घासानंतर मिनिटभर थांबून खाल्ला तर बहुतेकांना चालतो. मऊ शिजलेल्या मेथीसोबत, मुगाच्या घट्ट वरणासोबत ती अधिक चांगली उतरते. भाकरी दुधात किंवा रश्श्यात कुस्करून काला केला तर ती सहज जाते, आणि गोची इथंच आहे. सहज जाते म्हणजे पोटाला कळतच नाही. काल्याची थाळी संपते आणि तासाभरानं भूक उभी! भात वेगळाच त्रास देतो. शितं फुगून चिकटतात आणि त्यांचा गोळा बँडच्या तोंडाशी बसतो. पाव, चपातीचा मऊ पण न चावलेला घास, शेवग्याची साल, संत्र्याच्या फोडी, चिवट मटण हे सगळे अडकणारे. उपवासाचं काय? एकादशीची साबुदाणा खिचडी म्हणजे चिकट पिष्टाचा गोळा. बँडवाल्यांनी तिच्यापासून चार हात लांब राहावं. राजगिऱ्याची पातळ खीर किंवा ताक बरं, आणि तेही बिनसाखरेचं.

जेवताना पाणी पिऊ नये हा दुसरा नियम. आधी पंधरा मिनिटं नाही, नंतर पाऊण तास नाही. आपल्याकडं तांब्या-भांडं पानाशेजारी असतंच, म्हणून हा नियम सगळ्यात आधी मोडतो. पाण्यानं घास वाहून गेला की दाब पडत नाही आणि पोट भरत नाही. चारीच्या दाऱ्यात गाळ अडतो, पाणी अडत नाही. ज्यानं दारं धरलंय त्याला हे सांगायला नको.

आणि म्हणूनच हा उसाचा पट्टा बँडसाठी कठीण आहे. उसाचा रस, गुळाचा चहा, काकवी, गुळवणी, बासुंदी, पेढे, आइस्क्रीम: यातलं काहीही बँडला जुमानत नाही. रसात बारा ते पंधरा टक्के साखर. अडीचशे मिलिलिटरच्या एका ग्लासात तीस ग्रॅमच्या वर गेली. भाकरी अडकते म्हणून माणूस हळूहळू भाकरी सोडतो आणि जे सुखानं उतरतं त्याच्याकडे वळतो. डॉक्टरांच्या तपासणीत बँड ठीक, पोर्ट ठीक, आणि वजन मात्र वाढलेलं. लबाडी यात कुणाचीच नसते. घसा जिकडे ढकलतो तिकडे माणूस जातो. म्हणून बँड जास्त घट्ट करणं हा वजन न उतरण्यावरचा उपाय नव्हे. पुष्कळदा थोडा सैल केल्यावर माणूस पुन्हा घट्ट, पौष्टिक अन्न खाऊ लागतो आणि वजन उतरतं. ऐकायला उलटं वाटतं, पण असंच होतं.

ताटात पहिला मान प्रथिनांचा. दिवसाला साठ ग्रॅमच्या आसपास लागतात: अंडं, दही, पनीर, मूग, मटकीची मऊ उसळ, चालत असेल तर मासे. एका अंड्यात सहाएक ग्रॅम, म्हणजे एकट्या अंड्यावर भागणार नाही. सोबत जीवनसत्त्वांची गोळी रोज, लोह आणि बी-१२ ची तपासणी दरवर्षी. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागतात. वजन झपाट्यानं उतरताना असं होतं, आणि प्रथिनं नीट असतील तर ते परत येतात. दिवसातून दोनदाच जेवायच्या पद्धतीचं आपल्याकडं वेड आहे. बँडवाल्यानं ती आपल्या आहारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय करू नये. दोन जेवणांत पोटात मावणारं अन्न एवढं थोडं असतं की प्रथिनांचा हिशेब जुळतच नाही.

खाण्यापेक्षाही अवघड म्हणजे खाऊ घालणारे. ‘एवढंच? अन्न आवडलं नाही का?’ हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही तो मराठी घरात वाढलेलाच नाही. आषाढवारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघते, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं आणि मुक्काम सणसरला पडतो. दुसऱ्या दिवशी बेलवाडीला गोल रिंगण. मुक्कामाच्या गावात त्या दिवशी जेवूखाऊ घालण्यात कुणी मागं राहत नाही. पंक्तीत वाढप्यानं पुढं केलेल्या पळीला हात आडवा करणं सोपं नसतं. तिथं बँड, फुगा, पोर्ट हे समजावत बसू नये. ‘पोटाचं ऑपरेशन झालंय’ एवढं पुरतं. आपल्या माणसांना ऑपरेशन या शब्दाचा धाक आहे. ताटात टाकायचं नाही हा संस्कार मात्र स्वतःशीच लढून बदलावा लागतो. उरलेले दोन घास ताटात सोडणं हे या माणसासाठी पाप नाही. दोन घास जास्त खाल्ले तर पुढचा अर्धा तास मोरीत थुंकी आणि फेस काढण्यात जातो, आणि असं वारंवार झालं तर कप्पा ताणतो किंवा बँड सरकतो.

बँडची पहिली भरणी ऑपरेशननंतर चार-सहा आठवड्यांनी होते. मग पहिल्या वर्षात पाच-सहा वेळा तरी जावं लागतं: थोडं सलाइन, पाण्याचा घोट पिऊन बघायचं, घरी जायचं. आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरत असेल आणि जेवण अडकत नसेल तर दारं बरोबर लागलंय. अडचण अंतराची आहे. बँड बसवणारे पुण्यात, आणि सणसरहून पुणे शंभर किलोमीटरच्या पुढं. ऊसतोडीचा हंगाम, कांदा काढणी, लग्नसराई यातून दिवस काढून ‘सुईचं काम’ करायला कोण जातो? पहिले तीन फेरे होतात, चौथा चुकतो, मग फोन थांबतो. माझ्या मते या शस्त्रक्रियेचा खेड्यातला सगळ्यात मोठा दोष हा आहे. ऑपरेशन एका दिवसाचं आणि राखण आयुष्यभराची, आणि राखण करणारा शंभर किलोमीटरवर.

निकालाचे आकडे संमिश्र आहेत. मधुमेह नुकताच झालेल्या साठ लोकांवर ऑस्ट्रेलियात झालेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला: दोन वर्षांनी बँडवाल्यांपैकी ७३ टक्क्यांचा मधुमेह आटोक्यात येऊन औषधांची गरज उरली नव्हती, नुसत्या आहार-औषधांवर असलेल्यांत हे प्रमाण १३ टक्के. तिथल्याच एका केंद्रानं २०१३ मध्ये सांगितलं की पंधरा वर्षांनंतरही रुग्णांचं जादा वजन सरासरी ४७ टक्क्यांनी कमी होतं. ‘जादा वजन’ हा शब्द नीट वाचा. पाच फूट एक इंच उंचीच्या, ९५ किलोच्या बाईंचं योग्य वजन साठ धरलं तर जादा पस्तीस. त्याचे ४७ टक्के म्हणजे साडेसोळा किलो. बाई ७८ च्या आसपास येतात. गुडघे हलके होतात, झोप लागते, साखर उतरते. पण शेजारीण म्हणतेच, ‘एवढं करून काय झालं?’

दुसऱ्या बाजूला बेल्जियममधल्या एका गटानं २०११ मध्ये बारा वर्षांहून जुन्या बँडांचा हिशेब मांडला: जवळपास निम्मे काढून टाकावे लागले होते आणि सुमारे २८ टक्क्यांत बँड जठराच्या भिंतीत रुतत गेला होता. दोन्ही आकडे खरे आहेत. ऑस्ट्रेलियातल्या त्या केंद्रात रुग्णाचा पाठपुरावा कसून होत असे. दारं धरायला माणूस होता. अमेरिकेत २०११ मध्ये वजनाच्या शस्त्रक्रियांत बँडचा वाटा ३५ टक्के होता, २०१९ पर्यंत तो एका टक्क्याच्या आत आला. त्याची जागा स्लीव्हनं घेतली, ज्यात जठराचा मोठा भाग कायमचा कापून काढतात. आपल्याकडंही आज वजनाचं ऑपरेशन म्हटलं की बहुधा स्लीव्ह किंवा आतड्याची जोडणी बदलणारं बायपासच असतं. २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड आणि सेमाग्लुटाइड ही वजनाची इंजेक्शनं भारतात आली आणि चर्चा तिकडे वळली. आज कुणी मला विचारलं की बँड बसवू का, तर मी नाही म्हणेन. पण ज्यांच्या पोटात तो आधीच आहे त्यांना हे उत्तर काय कामाचं?

त्यांच्यासाठी पुढचं. बँड सरकला की रात्री झोपल्यावर आंबट पाणी तोंडात येतं, खोकला सुटतो, उलट्या होतात. रुतू लागला की बऱ्याचदा काहीच दुखत नाही. फक्त भूक परत येते, किंवा पोर्टच्या जागी लाली आणि पू दिसतो. इतक्या वर्षांनी पोर्टला संसर्ग का झाला, असा प्रश्न पडला तर तो आतून आलेला असू शकतो, म्हणून दुर्बिणीनं जठर बघून घ्यावं. सलग उलट्या होत असतील, थुंकीही गिळवत नसेल, पोटात जोराची कळ असेल तर वाट बघायची नाही. बँडमधलं सलाइन काढून घेतलं की बहुतेकदा काही मिनिटांत आराम पडतो. यासाठी ह्यूबर नावाची खास सुई लागते, जिच्यानं पोर्टचं रबर फाटत नाही. केमोथेरपीच्या पोर्टसाठी हीच सुई वापरतात, त्यामुळे कर्करोगावर उपचार करणाऱ्या दवाखान्यात ती मिळते.

अजून एक गोष्ट, आणि ही घरातल्या प्रत्येकाला पाठ हवी. उलट्या झाल्या की आपल्याकडे पहिलं काम म्हणजे सलाइन लावणं. आठवडाभर पोटात काही टिकलेलं नसेल तर शरीरातलं थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपत आलेलं असू शकतं. अशा माणसाला नुसतं ग्लुकोजचं सलाइन दिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते: डोळ्यांना दोन-दोन दिसतं, चालताना तोल जातो, आठवण जाते. थायमिनचं इंजेक्शन आधी किंवा सोबत द्यावं लागतं. इंजेक्शन स्वस्त आहे. अडतं ते एवढ्यावरच की समोरच्या डॉक्टरला बँड आहे हे कुणी सांगितलेलं नसतं.

लपवण्याची ही सवय समजण्यासारखी आहे. ‘खाणं आवरता आलं नाही म्हणून पोट बांधून घेतलं’ असं लोक म्हणतील ही भीती असते. भाजपचे तेव्हाचे राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांनी २०११ च्या सप्टेंबरात मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि ती बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत आली. पुढं २०२२ मध्ये उज्जैनच्या सभेत, आपलं वजन १३५ किलो होतं ते ९३ वर आलं, असं सांगत त्यांनी तिथल्या खासदाराला आव्हान दिलं: जेवढे किलो उतरवाल तेवढे हजार कोटी विकासनिधी. हसण्यावारी का होईना, व्यासपीठावरून किलोंचा हिशेब उघड मांडला गेला. लग्नाच्या वयाच्या मुलीला हे धाडस जमेल अशी अपेक्षा मी करत नाही. पण दिवस राहिले तर तिच्या बाईडॉक्टरला ते माहीत असायलाच हवं, कारण गरोदरपणात बँड सैल करावा लागू शकतो. आणि ऑपरेशननंतर निदान वर्ष-दीड वर्ष दिवस राहू न देणं बरं.

बँड काढावा लागला तर त्याला हार म्हणू नये. वस्तू जुनी होते, नळी गळते, पोर्ट उलटा होतो. काढल्यावर भूक जोरात परत येते आणि वजन बहुतेकांचं वाढतं, म्हणून काढण्याआधीच पुढचं ठरवावं: स्लीव्ह, बायपास की औषध. रुतलेला किंवा सरकलेला बँड काढल्यावर पुढच्या ऑपरेशनसाठी पुष्कळदा तीन महिने थांबावं लागतं. जठराला सावरायला तेवढे लागतात.

ज्यांच्या पोटात बँड आहे त्यांनी आज एक काम करावं. ऑपरेशनची तारीख, बँडचं नाव आणि माप, आत्ता आत किती मिलिलिटर सलाइन आहे, शेवटची भरणी कधी झाली, आणि सर्जनचा फोन, एवढं एका कार्डावर लिहावं. खाली मोठ्या अक्षरांत ‘उलट्या असतील तर आधी थायमिन’. कार्डाच्या दोन प्रती काढा: एक आधार कार्डासोबत पाकिटात, दुसरी घरात जिथं कारखान्याच्या उसाच्या पावत्या ठेवता तिथं. त्या पावत्या कुठं असतात हे घरात सगळ्यांना माहीत असतं.